तिसऱ्या घरातला धूर

कापितोलिना येगोरोव्नाला ओल्शान्कात सगळे कापामावशी म्हणायचे. सगळे होते तेव्हा. माझी तिच्याशी ओळख झाली तोवर गावात मावशी म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी रायसा, पावाच्या गाडीवरची. इग्नात गाडी चालवतो आणि मी मागे उभी राहून पाव, साखर, मीठ, चहा, मेणबत्त्या, काड्यापेट्या विकते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडले नाही तर बायकांना चुकल्यासारखं होतं. दर गुरुवारी आमची फेरी असते आणि त्या फेरीच्या शेवटच्या टोकाला ओल्शान्का होतं.

कापामावशी ठेंगणी, रुंद, नाकावर राग असलेली बाई. पाव हातात घेऊन आधी बोटानं दाबायची, मग वास घ्यायची, मग म्हणायची, "हा पाव भाजलाय की वाळवलाय?" मी म्हणायचे, "नको असेल तर ठेव." मग ती तो रुमालात बांधून घ्यायची आणि वर दुसरा मागायची. अशी आमची मैत्री.

तिचं सगळं आयुष्य त्या एका गावात गेलं. गाव तेव्हा मोठं होतं, या टोकाची हाक त्या टोकाला ऐकू जायची नाही. शाळा होती, दुकान होतं, दुधाच्या गाईंचा लांबलचक गोठा होता. प्रोखोरशी लग्न होऊन वर्षही झालं नसेल आणि लढाई आली. गावातले पुरुष एकाच सकाळी गाड्यांत बसून गेले, अकॉर्डियन वाजवत, जसं काही लग्नालाच निघालेत. त्यांच्यामागून घोडेही सरकारनं नेले. मग नांगराला बायका. कापामावशी आणि तिची नणंद फेदोस्या एकाच जुवाला होत्या. फेदोस्याचं लग्न तर एकाच शरद ऋतूपुरतं झालेलं. तिचा नवरा परत आलाच नाही. प्रोखोर आला, पण एक हात तिकडेच ठेवून.

लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्याची आठवण आमच्या भागात जुनी माणसं अजून काढतात, तेही आवाज खाली करून. शेतात काही पिकलं नव्हतं, आणि जे पिकलं ते सरकारनं उचलून नेलं होतं. जंगल दारात उभं, पण ते सरकारचं. वाळकी फांदी आणताना धरलं तर तुरुंग. एका हाताचा म्हणून प्रोखोरला कोण सोडणार होतं? त्या हिवाळ्यात कापामावशीनं कुंपण जाळलं, मग गोठ्याचं दार, मग बाकडी. तिचा तिमोशा तेव्हा काही महिन्यांचा होता. बाकडी संपली त्या आठवड्यात तो गेला. थंडीनं म्हणा, भुकेनं म्हणा, कोण बघतंय. त्याच आठवड्यात फेदोस्या तापानं फणफणली आणि घरात जाळायला काहीच नव्हतं. मग कापामावशीनं पाळणा तोडला आणि भट्टीत घातला.

हे मला तिनं सांगितलेलं नाही, फेदोस्यानं सांगितलं. "त्या पाळण्याच्या उबेवर मी जगले," म्हणाली. "वहिनीनं मला भट्टीजवळ ओढलं. मग धुराड्याची झडप लावली, सगळी ऊब आतच राहावी म्हणून." पुढे कापामावशीला मूल झालं नाही.

तेव्हापासून या बाईला ऊब वाया गेलेली बघवायची नाही. कुणी दार उघडं टाकलं की ती ओरडायची, "बाहेरचं आभाळ तापवताय का रे मेल्यांनो?" पाहुणा आला, मंत्री आला तरी. प्रोखोर म्हणायचा, माझ्या बायकोला देवानं विचारलं तुला काय पाहिजे, तर ती म्हणेल, आधी दार लाव. तो बिचारा पुढे छातीच्या दुखण्यानं गेला. गावामागे आल्डरच्या झाडीत त्याला पुरलं. तिमोशा तिथेच होता.

मग कुणीतरी कुठेतरी टेबलापाशी बसून ठरवलं की ओल्शान्काला भवितव्य नाही. असं ठरलं की काय होतं, ते आमच्याकडे सगळ्यांनी बघितलंय. आधी शाळा बंद. मग दुकान. मग दवाखान्याची बाई यायची थांबते. मग लोक घरं उतरवायला लागतात. ओंडक्यांवर कुऱ्हाडीनं खुणा करायच्या, घर सुटं करायचं, ट्रॅक्टरमागे बांधून लांबच्या मोठ्या मध्यवस्तीत न्यायचं आणि खुणा जुळवून पुन्हा उभं करायचं. भट्टी मात्र नेता येत नाही, ती विटामातीची. ती तिथेच राहते, उघड्यावर, डोक्यावर धुराडं घेऊन. ओल्शान्कात अशा कितीतरी उभ्या होत्या. पहिलं घर उतरलं ते सावेली सुताराचं. त्याचा मुलगा रोदिओन तेव्हा तरणाबांड होता, ट्रॅक्टरवर लादलेल्या ओंडक्यांवर बसून शिट्टी वाजवत गेला. कापामावशी रस्त्यात उभी राहून शिव्या देत होती. "जा, जा! तिथे नळाचं पाणी प्या आणि नळासारखेच टपटपत मरा!"

ती गेली नाही. फेदोस्याही गेली नाही. ती जाणार कुठे, वहिनीशिवाय तिचं होतं कोण?

मी सांगतेय ते दिवस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. देशाचं नाव बदललं, सामुदायिक शेती मोडली, गाई विकल्या, डिझेल सोन्याहून दुर्मिळ झालं. ओल्शान्कात तीन म्हाताऱ्या उरल्या, कापामावशी, फेदोस्या आणि उस्तिन्या. फेदोस्याचं कंबरेचं हाड गोठ्याच्या बर्फाळ पायरीवर मोडलेलं होतं. स्टूल पुढे सरकवत सरकवत ती खिडकीपर्यंत यायची, तिथवरच. तिघींची जमीन आपापली, भट्टी आपापली, भांडण सामायिक.

आणि रोदिओन, तोच शिट्टीवाला, आता गावांच्या कार्यालयाचा मुख्य झाला होता. रोदिओन सावेलिच. पोट आलं होतं, केस गेले होते. त्या सप्टेंबरात तो माझ्या गाडीतूनच ओल्शान्काला आला आणि पावाच्या रांगेत, म्हणजे दोन बायकांच्या रांगेत, उभा राहून म्हणाला, "ऐकून घ्या. हिवाळ्यात जिथे तीन घरं नांदती, तिथेच बर्फ काढायला ट्रॅक्टर जाईल, तिथेच पावाची गाडी जाईल. तिनाहून कमी असली तर नाही. डिझेल काय मी नाकातून काढू?"

"काढ की," कापामावशी म्हणाली. "देवानं एवढं मोठं दिलंय ते कशाला?"

इग्नात फिदीफिदी हसला. रोदिओन लाल झाला. "मावशी, चेष्टा नको. मी टेकडीवरून स्वतः बघणार आहे. धूर दिसला तर घर आहे. नाही दिसला तर नाही."

"घरं मोजायचीच होती तर तुझ्या बापाचं उतरलं तेव्हा मोजायची होतीस. तेव्हा शिट्ट्या कोण फुंकत होतं?"

"आणि दोनच उरली तर?" फेदोस्यानं खिडकीतून विचारलं.

"तर तुम्हाला जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात नेऊ. तिथे गरम आहे, डॉक्टर आहे, तीन वेळा जेवण आहे. तुमच्या भल्याचंच बोलतोय मी."

फेदोस्यानं खिडकी लावून घेतली. आमच्या भागातली एक बाई त्या वृद्धाश्रमात गेली होती. खोल्या भरलेल्या, म्हणून तिला खोल्यांमधल्या व्हरांड्यात खाट मिळाली, आणि तिथेच ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत मेली. फेदोस्याला हे माहीत होतं. त्या दिवशी मी तिचा पाव आत द्यायला गेले तर ती कापामावशीचा हात धरून बसली होती. "वहिनी, मला व्हरांड्यात टाकू नकोस गं. इथेच पडू दे. तू मला पाळण्यावर जगवलीस, आता व्हरांड्यात घालू नकोस."

"कोण घालतंय?" कापामावशी खेकसली. "मी मेलेय का? नाक पूस आधी."

ऑक्टोबरच्या चिखलात उस्तिन्याचा मुलगा शहरातून गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. म्हातारी रडत गेली. कोंबड्या आणि दाराची किल्ली कापामावशीला देऊन गेली. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला पुढे हिवाळ्यात कळलं, तेही कापामावशीच्या आगाऊपणामुळे.

"तीन पाव दे," ती म्हणाली. "एक उस्तिन्याचा."

"ती कुठेय?"

"पाय धरलेत तिचे."

"मग मीच देऊन येते. बघतेही तिला जरा."

कापामावशी माझ्या आडवी उभी राहिली. "तुला कशाला पंचाईत? पाव विक आणि चालती हो."

असं म्हटल्यावर मी थांबते होय? उस्तिन्याच्या धुराड्यातून धूर येत होता. मी पायवाट तुडवत गेले, दार ढकललं. आत भट्टी धगधगत होती. आणि घरात काही म्हणजे काही नव्हतं. अंथरूण नाही, पडदा नाही, भांडं नाही, देवाच्या कोपऱ्यातली तसबीरसुद्धा नेलेली. रिकाम्या बाकावर तेवढी कापामावशीची कातायची चाती आणि लोकरीचा पुंजका होता. मी वळले तर ती मागे उभी, हातात निखारे ओढायची सळई.

"सांगशील?"

"कुणाला?"

"त्या नाकाड्याला."

"मावशी, डोकं फिरलंय का तुझं? या वयात दोन दोन भट्ट्या पेटवतेस?"

"दोन नाही, तीन. फेदोस्याचीही मीच पेटवते. ती वाकली की सरळ होत नाही." सळई खाली ठेवत ती बाकावर टेकली, आणि तेव्हा मला दिसलं की तिला धाप लागलीय. "तुझ्या तोंडाला कुलूप लाव, रायसे. वसंतापर्यंत. रस्ता मोकळा झाला की मग बघू."

"आणि पुढच्या हिवाळ्यात?"

"पुढचा हिवाळा बघायला जगणार आहे कोण?"

मला राग आला होता, खरंच. त्या रोदिओनचा, उस्तिन्याच्या मुलाचा, त्या टेकडीचा, सगळ्यांचा. पण मी काय करणार होते? मी तोंडाला कुलूप लावलं. इग्नातला सांगितलं, तर तो म्हणाला, मला कधीच कळलंय, मी काय आंधळा आहे? रोदिओन कधी गाडीत असेल सांगता येत नव्हतं, म्हणून इग्नात दर गुरुवारी टेकडीवर थांबून लांबलचक भोंगा वाजवायला लागला. टेकडीवरून खाली यायला वळणाचा रस्ता आहे, ओढ्याच्या घळीतून. भोंगा ऐकला की कापामावशीला कळायचं, बघायचं ते बघून झालं, आता गाडी येईल. मग ती बाहेर येऊन उभी राहायची आणि आम्ही पोचलो की पाव दाबून बघायची.

लाकडांचा प्रश्न होता. तिच्या घरामागे भूर्जाच्या लाकडांचा ढीग होता, तिनं स्वतः फोडून रचलेला, कडेला एक ढलपीसुद्धा बाहेर आलेली नाही असा. पण तो एका माणसाच्या हिवाळ्यापुरता. आता भट्ट्यांची तोंडं तीन. तिनं उस्तिन्याची कोठी मोडायला घेतली. फळी काढायची, घसरगाडीवर टाकायची, ओढत आणायची, तोडायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, नुसता धूरच हवाय ना? मूठभर ओला पेंढा टाक. लाकूड कशाला जाळतेस?"

ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. "म्हणजे धूर कावळ्यांना आणि घर गारच? भट्टी पेटवून तिच्यापाशी कुणी बसायचं नाही? मी काय भूत आहे, नुसता धूर काढायला?" तिच्या डोक्यात ते बसतच नव्हतं. लाकूड जळलं तर त्याची ऊब कुणाच्या तरी अंगाला लागलीच पाहिजे. म्हणून मग गुरुवारी ती स्वतःच्या घरात चार काटक्यांवर भागवायची, आणि उस्तिन्याच्या घरात भट्टी नीट पेटवून तिथेच लोकर कातत बसायची, रात्री झोपायचीही तिथेच. रिकाम्या घरात एकटी. मला विचाराल तर हा वेडेपणाच. पण आमच्या भागातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती म्हणेल, बरोबर केलं.

आता झडपेचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आलंय. भट्टी पेटली की धुराड्याची झडप उघडी असते. लाकूड जळून निखारे झाले की झडप लावायची, म्हणजे ऊब घरात राहते. पण निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचतेय तोवर लावायची नाही. लावली तर घरात असं काहीतरी भरतं की ज्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बसल्या जागी झोपतं ते झोपतंच. आमच्याकडे पोराला धड बोलता येत नाही तेव्हापासून हे कळतं. आणि उशिरा लावली तर सगळी ऊब वर निघून जाते. त्या मधल्या वेळेवर नजर ठेवत बायांचा जन्म जातो.

फेब्रुवारीतला तो गुरुवार. थुंकी जमिनीवर पडायच्या आधी गोठेल अशी थंडी. सकाळी गाडीपाशी रोदिओन उभा. "मी येतो ओल्शान्काला," म्हणाला. वाटेत इग्नात उगाच खाकरत होता. टेकडीवर गाडी थांबली. मी आधी डोळे मिटले आणि मग उघडले. तीन धूर. वारा अजिबात नव्हता, तिन्ही सरळ वर चालले होते. मधला, उस्तिन्याचा, सगळ्यात जाड.

"हं," रोदिओन म्हणाला. "आहेत."

इग्नातनं भोंगा दाबला आणि जरा जास्तच वेळ दाबून धरला.

मग घळीत गाडी रुतली. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं घळ काठोकाठ भरली होती. चाकं जागेवरच फिरायला लागली. तिघंही फावडी घेऊन उतरलो. रोदिओनही, पोट सांभाळत. खणतोय, ढकलतोय, गाडी हातभर पुढे जातेय, पुन्हा रुततेय. बोटांत जीव राहिला नाही. एकदा फावडं टेकवून तो म्हणाला, "लहानपणी या घळीत आम्ही घसरायचो." मी म्हटलं, "आता घसरतोयस की." तो हसला. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण सूर्य डोक्यावर येऊन पलीकडे झुकायला लागला तेव्हा आम्ही गावात पोचलो.

कापामावशी नेहमीच्या जागी नव्हती. फेदोस्या खिडकीत उभी राहून काचेवर मूठ आपटत होती आणि दुसऱ्या हातानं उस्तिन्याच्या घराकडे बोट दाखवत होती. त्या घराच्या धुराड्यातून आता काहीच येत नव्हतं.

मी पळाले. दार ढकललं. आत मस्त उबदार. कापामावशी बाकावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर चाती, रुमाल मागे सरकलेला. गाल असे लालेलाल की मला वाटलं झोप लागलीय. मी तिला हलवलं. "मावशी, ऊठ गं, पाव गार होतोय." आणि तिची मान माझ्या हातावर पडली.

मी झडप ओढली, खिडकीची काच कोपरानं फोडली, ओरडले. इग्नात आणि रोदिओन आले, तिला उचलून बाहेर बर्फावर नेलं. तिला चोळलं, तोंडावर बर्फ घासला, जे जे करतात ते सगळं केलं. कधीची गेली होती.

भट्टीत मी नंतर वाकून बघितलं. आत लाकडं अर्धवट जळून काळी पडलेली होती. निखारेही पुरते झाले नव्हते. म्हणजे भोंगा वाजला आणि तिनं झडप लावली, लगेच. तिला निळी ज्योत दिसली नाही असं कुणी मला सांगू नये. दिसलीच असणार. पण बघायचं होतं ते टेकडीवरून बघून झालं होतं. आता वर जाणारी प्रत्येक ढलपी फुकट. आणि गाडी काय, आत्ता येईल, आपण बाहेर जाऊ, पाव घेऊ, गप्पा मारू, तोवर आतलं विष विरून जाईल, ऊब राहील, रात्री अंगाला लागेल. असाच हिशेब केला असणार तिनं. बाहेर थंडी होती म्हणून गाडी दिसेपर्यंत आत टेकली. आणि आम्ही घळीत बर्फ उपसत होतो.

रोदिओन आत येऊन उभा राहिला. त्यानं रिकामा बाक बघितला, रिकामा कोपरा बघितला, खिळ्यावर काही नाही ते बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता याच्या तोंडून उस्तिन्या कुठेय असं निघालं तर सळईच घालते डोक्यात.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"उस्तिन्या गेल्याचं. तिच्या मुलानंच सांगितलं होतं मला, ऑक्टोबरात."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मग? मग तू गप्प का बसलास, मेल्या?"

"धूर दिसत होता ना." त्यानं टोपी काढून हातात चुरगाळली. "वरून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं, मी स्वतःच्या डोळ्यांनी तीन धूर बघितले. पुढच्या आठवड्यात वरचा माणूस येणार आहे तपासायला. त्याच्या आधी बघून घ्यावं म्हणून आलो. खोटं बोलायला नको म्हणून."

"तिला एक शब्द सांगायचा होतास."

"काय सांगू? धूर नको काढू म्हणून? धूर तर हवाच होता."

मी त्याला मारलं. हातमोज्यासकट, तोंडावर. तो हलला नाही. इग्नातनं मला बाजूला ओढलं आणि मी इग्नातच्याच कोटात तोंड खुपसून रडले, मला लाज वाटत नाही सांगायला.

दुसऱ्या दिवशी मध्यवस्तीतून माणसं आली, ट्रॅक्टर घेऊन. त्यांतली निम्मी ओल्शान्काचीच, ज्यांची घरं तिकडे नेलेली. आल्डरच्या झाडीत प्रोखोरच्या शेजारी जागा झाडली. पण जमीन लोखंड झाली होती. पहारीनं ठिणग्या उडत होत्या, माती निघत नव्हती. असं झालं की आमच्याकडे जमिनीवर जाळ करतात. दिवसभर जाळायचा, मग निखारे सारून वितळलेली माती खणायची, पुन्हा जाळायचा. त्याला लाकूड लागतं, पुष्कळ लागतं. उस्तिन्याची कोठी तर जळूनच गेली होती. मग पुरुषांनी कापामावशीच्या घरामागचा भूर्जाचा ढीग आणायला घेतला. तिनं जवळजवळ हातच लावला नव्हता त्याला. काटक्यांवर आणि फळ्यांवर हिवाळा काढत होती आणि हा राखून ठेवला होता.

फेदोस्यानं हट्ट धरला, मला तिथे न्या. घसरगाडीवर बसवून, रजईत गुंडाळून आम्ही तिला नेलं. तिनं बघितलं, ढीगच्या ढीग आगीत चाललाय, सुकी, पांढरी, एकसारखी फोडलेली लाकडं, आणि धग सगळी उघड्यावर. माणसं लांब उभी होती, आदरानं म्हणा, भीतीनं म्हणा, हात खिशात घालून.

"अरे, लांब काय उभे राहिलात?" ती एकदम ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं. "जवळ या! सगळं फुकट चाललंय, दिसत नाही का? या, हात शेका! रोदिओन, तूही ये. ये म्हणते ना!"

माणसं आली. कबरीच्या जागेभोवती सगळे दाटीवाटीनं उभे राहिले, हात पुढे करून. रोदिओनही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फेदोस्यानं रजईतून दोन्ही हात बाहेर काढले आणि आगीपुढे धरले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "वहिनी गं," ती म्हणत होती, "वहिनी गं, सगळं एकदम जाळलं गं."

संध्याकाळी खड्डा झाला. शवपेटी माझ्या गाडीतल्या पावाच्या फळ्यांची केली, कारण गावात दुसरी सरळ फळी उरली नव्हती. फेदोस्याच्या भट्टीवर धिरडी केली, सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ली, वोडकाचा एकेक घोट घेतला आणि अंधार पडायच्या आत निघायची घाई झाली. ट्रॅक्टर पुन्हा येणार नव्हता. फेदोस्याला त्याच फेरीत नेलं. तिचं सामान एका गाठोड्यात बसलं.

वृद्धाश्रमात खोल्या भरलेल्या होत्या. तिची खाट व्हरांड्यात आहे, दाराजवळ. रोदिओननं पुष्कळ खटपट केली असं ऐकते, दोनदा साहेबांना भेटला, पण खोली काही मिळाली नाही. मी महिन्यातून एकदा जाते, पाव घेऊन. मागच्या वेळी गेले तर ती तोंड भिंतीकडे करून पडली होती. शेजारच्या बाईनं सांगितलं, ती अशीच असते, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसू नयेत म्हणून. मी हाक मारली. तिनं न वळता हात मागे केला, मी त्यात पाव ठेवला, आणि तिनं तो बोटांनी दाबून बघितला.

"वाळवलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नको असेल तर ठेव." मी तिच्या पायांवर रजई सारखी केली आणि बसून राहिले.